खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी

संकेश्वर, हुक्केरी, निपाणी, गडहिंग्लज या पट्ट्यात कोंबडी कशी बसवायची हे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्या घराला परडं आहे त्या घरात एखादी तरी बाई अशी सापडते, की जी खुडूक कोंबडीच्या नुसत्या आवाजावरून सांगते, ही नेटानं बसेल की चार दिवसांत उठेल. बुट्टीत भुसा किती घालायचा, अंडी किती ठेवायची, कोंबडीला दाण्याला कधी उठवायचं, एकविसाव्या दिवशी काय बघायचं, हे सगळं कागदावर कधी आलं नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. सासूकडून सुनेकडं, आत्तीकडून भाचीकडं ते जात राहिलं.

बदकाच्या बाबतीत असा वारसा आपल्याकडं नाही. हिरण्यकेशी आंबोलीचं पावसाळी पाणी घेऊन येते, संकेश्वराला वळसा घालून पुढं घटप्रभेला मिळते. पण तिच्या काठानं बदकं पाळायची रीत रुजली नाही. इथली शेती उसाची, मिरचीची, शाळूची, भुईमुगाची. बदक रमतं ते भाताच्या खाचरात, साचलेल्या पाण्यात. केरळच्या कुट्टनाडात ‘चारा’ आणि ‘चेंबल्ली’ या गावठी बदकांचे मोठमोठे कळप कापणी झालेल्या शेतात सोडतात. सांडलेलं भात, गोगलगायी, किडे खाऊन ते पोट भरतात आणि एक शिवार संपलं की राखणदार त्यांना पुढच्या शिवारात हाकत नेतात. बंगाल आणि आसामात दाराशी पोखर आणि पोखरीत बदकं हे नेहमीचं दृश्य आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यांत बदकं तीन कोटींहून थोडी जास्त, आणि तीही बहुतेक पूर्वेकडची. मराठी माणसाची बदकाच्या पिलाशी पहिली ओळख होते ती ग. दि. माडगूळकरांच्या गाण्यातून. त्या गाण्यातलं पिलू शेवटी राजहंस ठरतं. खरं बदकाचं पिलू घरात आणलं, तर त्याला काय खायला घालायचं इथूनच आपली अडचण सुरू होते.

अलीकडं ही अडचण बऱ्याच घरांत येऊ लागली आहे. शेततळी झाली, कर्नाटकात २०१४ पासून कृषी भाग्य योजनेतून ती बरीच खोदली गेली, इकडं त्यांना कृषी होंड म्हणतात. तळं दिसलं की बदकं ठेवावीत असं कुणालाही वाटतं. कुणी बाजारातून जोडी आणतं, कुणाच्या पाहुण्यानं अंडी पाठवलेली असतात, कुणाच्या पोरांनी हट्ट धरलेला असतो. मग घरात जे ज्ञान आहे, म्हणजे कोंबडीचं, तेच वापरलं जातं. ते वापरलंच पाहिजे, कारण त्यातलं बरंचसं कामाचं आहे. पण एका ठिकाणी ते संपतं, आणि ते कुठं संपतं हे कळलं नाही तर पिलं हकनाक दगावतात. ती जागा दाखवण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे. कोंबडी पाळलेल्या, पण बदक पहिल्यांदाच पाळणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहे.

अंड्यांपासून सुरुवात करतो. बाजारात खायला मिळणारं बदकाचं अंडं उबवायला घेऊ नये. ते फळलेलं आहे की नाही याची खात्री नसते, शिवाय ते किती दिवसांचं आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कळपात पाच-सहा माद्यांमागं एक नर असेल, अंडी आठवड्याच्या आतली असतील, थंड आणि सावलीच्या जागी रुंद टोक वर करून ठेवलेली असतील, तर ती घ्यावीत. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट इथं केंद्र सरकारचं बदक पैदास केंद्र होतं, ते आता तिथल्याच केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेत सामावलं आहे. दक्षिणेत खाकी कॅम्पबेल आणि व्हाइट पेकिन या जाती पसरण्यात त्या केंद्राचा मोठा वाटा आहे. खाकी कॅम्पबेल ही जात इंग्लंडातल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात उली नावाच्या खेड्यात अडेल कॅम्पबेल या बाईंनी १८९८ च्या सुमारास तयार केली. आपल्या परड्यात, आपल्या कुटुंबापुरत्या पाळलेल्या बदकांतून त्यांनी ती निवडली, आणि आज ती वर्षाला २८० ते ३०० अंडी देणारी जात म्हणून जगभर ओळखली जाते. घरच्या परड्यातल्या कामाची किंमत कमी लेखणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देतो.

मात्र या जातीला एक गोष्ट येत नाही. ती अंड्यावर बसत नाही. अंड्यांच्या मागं लागून केलेल्या निवडीत तिची खुडूक होण्याची सवय जवळजवळ गेली. म्हणून बदकाच्या अंड्यांना दुसरी ऊब शोधावी लागते: एकतर यंत्राची, नाहीतर कोंबडीची. पहिल्यांदाच करणाऱ्यानं गावरान कोंबडीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. लहान थर्माकोलच्या यंत्रात उष्णता ३७.५ अंशांवर ठेवायची, पंखा नसलेलं यंत्र असेल तर अंड्याच्या माथ्याशी अंशभर जास्त ठेवायची, ओल सांभाळायची आणि लाईट गेली की धावाधाव करायची, हे सगळं पहिल्याच खेपेला नवख्याच्या अंगावर येतं. कोंबडीला यातलं काही सांगावं लागत नाही, आणि लाईट गेली म्हणून ती थंडही पडत नाही.

पण कोंबडीखाली कोंबडीची अंडी ठेवणं आणि बदकाची ठेवणं यांत चार फरक आहेत, आणि ते चारही जिव्हारीचे आहेत. पहिला आकाराचा. गावरान अंडं ४०-४५ ग्रॅमचं, बदकाचं ६५-७० चं. बारा-पंधरा अंड्यांची सवय असलेल्या कोंबडीखाली आठ-दहापेक्षा जास्त मावत नाहीत. कडेची उघडी राहतात आणि आतली-बाहेरची अदलाबदल होताना सगळ्यांनाच गारवा लागतो. दुसरा फिरवण्याचा. हे जड अंडं कोंबडीला पुरेसं उलटता येत नाही. म्हणून अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली मारायची आणि कोंबडी दाण्याला उठली की हातानं फिरवायचं, दिवसातून निदान तीन वेळा, पंचविसाव्या दिवसापर्यंत. फिरवलं नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो.

तिसरा फरक दिवसांचा. कोंबडीचं पिलू २१ दिवसांत येतं, बदकाचं २८ दिवसांत. मस्कोवी बदक असेल तर ३५ सुद्धा, कारण ते मुळात दक्षिण अमेरिकेतलं वेगळंच बदक आहे, बाकी सगळ्या पाळीव बदकांचा मूळ पुरुष मॅलार्ड. आपल्या घरातल्या आज्जींचा हिशोब एकविसाचा असतो. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी घरात कुजबुज सुरू होते, ‘अंडी गार गेली म्हणायची, काढून टाक जा.’ किती चांगली अंडी या एका वाक्यापायी उकिरड्यावर गेली असतील! कोंबडी मात्र बहुधा बसून राहते. तिच्या पोटाचं बघावं लागतं एवढंच. चौथ्या आठवड्यात ती फार उतरते. तिला रोज जोंधळा, पाणी आणि धूळ खेळायला वेळ दिला पाहिजे. बसवण्याआधी पिसांत उवा आहेत का तेही बघावं. उवांनी भरलेली कोंबडी २१ दिवस कशीबशी काढेल, २८ काढणार नाही.

चौथा फरक ओलीचा, आणि हाच सर्वांत कमी लोकांना ठाऊक असतो. आई बदक अंड्यांवरून उठते, पाण्यात जाते, ओल्या पोटानं परत येऊन बसते. कोंबडी कोरडीच येते. अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी सतत उडत असतं. पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२ ते १४ टक्के घटायला हवं, म्हणजे ७० ग्रॅमचं अंडं ६१ च्या आसपास. जास्त घटलं तर आतला पापुद्रा वाळून चामट होतो आणि पिलू त्यात अडकतं. कमी घटलं तर पिलू फुगीर होऊन आतच गुदमरतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून रोज एकदा, कोंबडी उठलेली असताना, कोमट पाण्याचे शिंतोडे द्यायचे. आपला भाग सह्याद्रीचा पाऊस आणि पठाराची कोरड यांच्या मधोमध आहे. मार्चमधली संकेश्वरची हवा आणि जुलैमधली हवा एक नाही. पावसाळ्यात शिंतोडे कमी, उन्हाळ्यात जास्त. वजनकाटा असेल तर त्याला विचारावं, नसेल तर उजेडात धरून अंड्यातली हवेची पोकळी बघावी.

उजेडात धरण्याविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग तो आहे. सातव्या रात्री, अंधाऱ्या खोलीत, पुठ्ठ्याला आठ आण्याएवढं भोक पाडायचं, त्याखाली मोबाइलची बॅटरी लावायची आणि त्या भोकावर अंड्याचं रुंद टोक टेकवायचं. बदकाच्या अंड्याचं कवच पांढरं किंवा फिकट हिरवट असतं, त्यामुळं आतलं गावरान तपकिरी अंड्यापेक्षा स्वच्छ दिसतं. सगळं अंडं नारिंगी उजळतं. वरती पोकळीची कड एका रेषेनं दिसते. तिच्या खाली, थोडा एका अंगाला, काळसर ठिपका असतो आणि त्याच्यापासून चहूकडं लाल शिरा पसरलेल्या असतात, कोळ्यानं नुकतंच विणायला घेतलेल्या जाळ्यासारख्या. हात स्थिर ठेवला आणि श्वास रोखून बघितलं, तर तो ठिपका हलतो. घरातल्या लहान मुलांना ही रात्र जरूर दाखवावी. ज्या अंड्यात काहीच नाही, नुसताच उजेड आहे, ते फळलेलं नाही, ते काढावं. ज्यात लाल कडं दिसतं आणि शिरा नाहीत, त्यातला गर्भ मेला आहे, तेही काढावं. नासकं अंडं कोंबडीखाली फुटलं तर त्याची घाण बाकीच्या अंड्यांना लागते आणि त्यांतलीही जातात. चौदाव्या रात्री पुन्हा बघावं. पंचविसाव्यानंतर बघू नये, फिरवूही नये.

त्यानंतरचे तीन दिवस माणसाला जड जातात. पिलू आधी आतल्या आत पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसानं श्वास घेतं. अंडं कानाशी धरलं तर टकटक ऐकू येते, चिवचिवही. मग कवचावर एक टवका उडतो. कोंबडीच्या पिलाला इथून पुढं फारसा वेळ लागत नाही. बदकाचं पिलू या एका टवक्यावर २४ तास, कधी ४८ तासही थांबतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं ते अडकलं, थकलं, मेलं. त्या वेळात आत दोन कामं चाललेली असतात: पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त पिलाच्या अंगात ओढलं जात असतं आणि उरलेला बलक पोटात शिरत असतो. मायेपोटी कुणी कवच सोलायला घेतलं, तर त्या वाहिन्या तुटतात आणि रक्त वाहतं. सोललेलं पिलू दिसायला बाहेर येतं आणि संध्याकाळपर्यंत मान टाकतं. म्हणून या पुस्तिकेत त्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य ‘हात लावू नका’ असं ठेवलं आहे. मदत करायची वेळ क्वचित येते; ती कधी आणि कशी, ते तिथं सविस्तर दिलं आहे. पोटात गेलेल्या बलकावर पिलू दिवस-दीड दिवस सहज काढतं, तेव्हा बाहेर आल्याबरोबर त्याच्या चोचीत काही घालायचीही गरज नाही.

अंड्यातली ती चिवचिव वाया जात नाही. अमेरिकेतले गिल्बर्ट गॉटलिब यांनी बदकाच्या गर्भांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं, की पिलू अंड्यात असतानाच स्वतःचा आणि भावंडांचा आवाज ऐकतं, आणि पुढं आपल्या जातीच्या आईची हाक ओळखण्यासाठी ते ऐकणं त्याला लागतं. त्याच्या आधी ऑस्ट्रियातल्या कोनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये पिलाच्या मनावर उमटणाऱ्या पहिल्या ठशाबद्दल लिहिलं. त्यासाठी आणि पुढच्या कामासाठी त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. हंसाची पिलं समोर दिसेल त्याच्या मागं जातात. मॅलार्डची पिलं मात्र लोरेन्झ यांच्या मागं तेव्हाच आली, जेव्हा ते खाली बसून मॅलार्ड मादीसारखा आवाज काढत पुढं सरकू लागले. घरी पिलं काढणाऱ्यानं यातून एवढं घ्यावं, की एकटं पिलू कधी काढू नये. कोंबडी असेल तर ते तिला आई मानतं, भावंडं असतील तर त्यांना धरून राहतं. एकटं पिलू माणसाला चिकटतं, आणि माणूस शाळेला, शेताला, बाजाराला गेला की दिवसभर ओरडून ओरडून आजारी पडतं.

आता पाण्याविषयी. बदकाचं पिलू पाण्यात सोडायचं असतं असं सगळ्यांना वाटतं, आणि पहिल्याच दिवशी घमेलं भरून त्यात पिलं सोडली जातात. ती पोहतातही, सगळे टाळ्या वाजवतात, आणि रात्री दोन-तीन पिलं थंडीनं आखडून मरतात. पिलाच्या लवेला पाणी न धरण्याचा गुण येतो तो बराचसा आईच्या पिसांतल्या तेलामुळं, तिच्या पोटाखाली घासून. कोंबडीकडं ते तेल त्या प्रमाणात नाही. पिलाची स्वतःची तेलग्रंथी कामाला लागेपर्यंत काही आठवडे जातात. तोवर पाणी प्यायला द्यायचं, पोहायला नाही. पण पिण्याचं पाणी कोंबडीच्या पिलाला देतो तसं उथळ बशीत देऊनही भागत नाही. बदकाला नाकपुड्या बुडतील इतकं, म्हणजे दोन-तीन बोटं खोल पाणी लागतं. ते नाकपुड्या धुतं, डोळे धुतं. ते नसेल तर डोळे चिकटतात, कोरडा भरडा घशात अडकतो. मडक्याच्या काठावर जाळी ठेवून चोच जाईल आणि अंग जाणार नाही, अशी सोय करावी.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, उन्हाच्या वेळी, परातीत पाणी देऊन पाचेक मिनिटं सोडावं आणि लगेच कोरडं करून ऊब द्यावी. कोंबडीनं काढलेली पिलं असतील तर त्या वेळी तिच्याकडं लक्ष असू द्यावं. पिलं पाण्यात उतरली की ती परातीभोवती फेऱ्या घालते, मान ताठ करून ओरडते, एक पाय काठावर ठेवते आणि मागं घेते. तिच्या सगळ्या अनुभवात पाणी म्हणजे पिलाचं मरण आहे. पिलं डुबक्या मारत असतात. काही दिवसांनी तिचं ओरडणं कमी होतं, पण ती काठ सोडत नाही. ही घालमेल ज्यानं एकदा पाहिली, तो त्या कोंबडीचं दाणापाणी पुन्हा कधी चुकवणार नाही. शेततळ्याबाबत मात्र एक सूचना: प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या तळ्याचा उतार घसरडा असतो. मोठं बदकही तिथून धड वर येऊ शकत नाही, पिलू तर बुडतंच. काठावरून पाण्यात पोत्याचं बारदान किंवा दगडांची पायवाट सोडल्याशिवाय तिथं काहीही सोडू नये.

खाण्याचा भाग मी या पुस्तिकेत सर्वांत लांब ठेवला आहे. आपल्या घरातली सवयीची पिलांची रसद म्हणजे कणी, जोंधळा, मका भरडा. कोंबडीचं पिलू त्यावर आणि परड्यातल्या किड्यामुंग्यांवर वाढतं. बदकाच्या पिलाचे पाय मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाहेर फाकू लागतात, गुडघे सुजतात, ते बसूनच सरकतं. लोक म्हणतात वात आला. ती बहुतेकदा नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता असते. बदकाच्या पिलाला किलोभर खाद्यात ५५ मिलिग्रॅम नायसिन लागतं, कोंबडीच्या पिलापेक्षा कितीतरी जास्त. मक्यात ते असतं, पण असं बांधलेलं, की पचनात सुटत नाही. माणसांचाही हा अनुभव आहे. मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा होतो हे जगाला आधीच माहीत होतं. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांतही तो होतो, याकडं हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतले सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास लक्ष वेधलं. तेव्हा मका आणि जोंधळा, आपली दोन्ही हाताशी असलेली धान्यं, या पिलांना एकटी पुरत नाहीत. त्यात सुकं यीस्ट मिसळावं, वाळलेली सुकट कुटून घालावी, नाहीतर जनावरांच्या डॉक्टरांकडून बी-जीवनसत्त्वाचे थेंब घेऊन पाण्यात द्यावेत. सुरुवातीला दिलं तर पाय सरळ येतात. गुडघे वाकडे जुळून गेल्यावर ते सरळ होत नाहीत. जमीनही गुळगुळीत नको. वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलेल्या पिलाचे पाय नुसत्या घसरण्यानंही फाकतात. खाली पोतं अंथरावं.

नायसिनचा आणखी एक चांगला साठा आपल्या शिवारात आहे: शेंगदाण्याची पेंड. आणि इथंच सगळ्यांत मोठा धोका आहे. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. त्यांच्याबरोबर बदकाची पिलंही. रोगाचं नाव ठाऊक नव्हतं म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ म्हटलं गेलं. शोध घेता घेता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत, आणि पेंडीतून एका बुरशीपर्यंत. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. हे विष यकृत जाळतं, आणि पाळीव पक्ष्यांत ते सर्वांत लवकर बाधतं बदकाच्या पिलाला. इतकं, की विष आहे की नाही हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांत एक दिवसाची बदकाची पिलंच वापरली जात. १९७४ मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या सीमेवरच्या गावांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन माणसंही दगावली. तेव्हा ओलसर पोत्यातली पेंड, कुबट वास येणारा मका, निळसर-हिरवट झाक आलेले शेंगदाणे हे कोंबड्यांना चालतात म्हणून बदकाच्या पिलांपुढं टाकू नयेत. कोंबडीला तेवढ्यानं काही होणार नाही कदाचित. पिलू दोन दिवसांत पडेल. उन्हानं बुरशी मरते, विष मरत नाही, म्हणून वाळवून घालणंही कामाचं नाही. पेंड कोरडी, ताजी, माहितीतल्या घाण्यावरची असेल तरच घ्यावी. पावसाळ्यात तर पहिल्या दोन महिन्यांच्या पिलांना ती देऊच नये, असं माझं सांगणं आहे. भिजवलेलं खाद्यही सकाळचं दुपारी ठेवू नये.

नरांचा विचार अंडी बसवण्याआधी करायचा. दहा अंड्यांतून आठ पिलं निघाली तर साधारण चार नर असणार. दीड-दोन महिन्यांचे झाले की आवाजावरून कळू लागतं: मादी मोठ्यानं ओरडते, नराचा आवाज घोगरा आणि दबका, पुढं नराच्या शेपटीवर वर वळलेलं पीस येतं. पाच-सहा माद्यांना एक नर पुरतो. जास्त नर ठेवले तर ते माद्यांना इतका त्रास देतात, की माद्यांच्या मानेची पिसं झडतात, जखमा होतात, पाण्यात एखादी बुडवलीही जाते. तेव्हा उरलेल्या नरांचं काय, खाणार, विकणार की वेगळे ठेवणार, हे घरात आधी ठरलेलं असावं. ज्या घरात पिलांना नावं ठेवून झाली आहेत, तिथं हा प्रश्न मग कोणीच हातात घेत नाही आणि भोगतात माद्या.

उसाच्या कडेला, पाणथळ गवतात कधीकधी हळदीकुंकू बदकाचं घरटं सापडतं. ती अंडी घरी आणून कोंबडीखाली ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. ती आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि त्या पिलांना माणसाच्या परड्यात खरं आयुष्यही मिळत नाही. रानबदकं आणि घरची बदकं वेगळी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तो कोंबड्यांमध्ये. २०१४ च्या अखेरीस केरळातल्या अलप्पुळा भागात तो बदकांत आला आणि फार मोठ्या संख्येनं बदकं मारावी लागली. रानबदकं हा विषाणू अनेकदा काहीही न दाखवता वागवतात. आपल्याकडं धूपदाळच्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात आणि हिडकल जलाशयावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. जलाशयाच्या काठच्या गावांनी त्या दिवसांत घरची बदकं मोकळ्या पाण्यावर सोडू नयेत, आणि एकाच वेळी बरीच पाखरं मेली तर ती गाडून गप्प न बसता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. बदकांच्या प्लेगची लस आठ ते बारा आठवड्यांच्या वयात टोचून घ्यावी.

मांजर, मुंगूस, घूस, घार आणि मोकाट कुत्री यांविषयी मी फार लिहिलेलं नाही. कोंबडी पाळणाऱ्याला ते सगळं येतं. फक्त एवढं लक्षात असू द्यावं, की कोंबडी अंधार पडला की आपणहून खुराड्यात शिरते, बदक बाहेरच राहतं. त्याला रोज हाकून आत घ्यावं लागतं. सकाळी नऊच्या आत सोडूही नये, कारण अंडी पहाटे ते सकाळच्या वेळात पडतात आणि लवकर सोडलेलं बदक ती तळ्यात नाहीतर उसात टाकून येतं.

हंगामाविषयी विचाराल, तर पहिल्या खेपेला संक्रांत झाल्यावर अंडी बसवावीत. कडाक्याची थंडी ओसरू लागलेली असते, हवा कोरडी असल्यानं ओल आपल्या हातात राहते आणि पेंड-मक्याला बुरशी धरत नाही. पिलं महाशिवरात्रीच्या मागं-पुढं बाहेर येतात, रात्रीच्या उबेची गरज संपेपर्यंत होळी उलटून जाते, आणि पाडव्याच्या सुमारास अंगावर खरी पिसं भरतात. मग उन्हाळाभर पाणी आणि सावली मिळाली, की पहिल्या पावसाला ती परड्याच्या कडेला चिखल चाळायला मोकळी. पावसाळ्यात बसवणाऱ्यांसाठी शेवटी वेगळं प्रकरण दिलं आहे, पण ते दुसऱ्या खेपेला वाचलेलं बरं. संक्रांतीला बसवायचं तर आधीच्या महिन्याभरात तीन कामं उरकावी लागतात: फळलेल्या अंड्यांची सोय लावणं, खुडूक होण्याच्या बेताला आलेली नेटकी कोंबडी हेरून ठेवणं आणि कोरडी, ताजी रसद भरणं. त्यातल्या पहिल्या कामापासून पुढच्या पानावर सुरुवात केली आहे.